वखार, टोपीकर आणि कंपनी : तीन शब्दांचा कायदेशीर इतिहास

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपण मराठीच्या वर्गात शिकवतो ते बहुधा गद्याचा नमुना म्हणून. वाक्यरचना, फारसी शब्दांचे प्रमाण, राजनीतीचा बोधपर स्वर एवढे सांगून झाले की प्रकरण संपते. काही वर्षांपूर्वी साहुकारांविषयीचे प्रकरण वाचून झाल्यावर मी वर्गात ‘वखार’ या शब्दाचा अर्थ विचारला. एका विद्यार्थिनीने ‘लाकडाची वखार’ असे उत्तर दिले. वर्ग हसला, पण तिचे उत्तर आजच्या मराठीप्रमाणे अगदी बरोबर होते. टिपांतही ‘गोदाम, कोठार’ असाच अर्थ दिलेला होता. अडचण एवढीच, की हा अर्थ घेतला तर अमात्य एका गोदामाला इतके का भितात, हे कळत नाही.

सतराव्या शतकातील युरोपियांची वखार ही माल साठवण्याची जागा होतीच, पण तेवढीच नव्हती. इंग्रजीत तिला ‘फॅक्टरी’ म्हणत आणि तेथे काहीही तयार होत नसे. ‘फॅक्टर’ म्हणजे मालकाच्या वतीने खरेदी-विक्री करणारा मुनीम किंवा अडत्या. त्याच्या राहण्याची आणि व्यवहाराची जागा ती फॅक्टरी. वखारीला जागा द्यायची म्हणजे परक्या धन्याच्या प्रतिनिधींना आपल्या मुलखात वस्तीचा हक्क द्यायचा. त्या हक्काबरोबर जकातीची सवलत, नोकरांवरील अधिकार, निशाण आणि पुढेमागे तोफाही येत. एका शब्दात हक्कांची एवढी मोठी यादी सामावलेली होती.

ही यादी कशी वापरली जाई, याचे उदाहरण राजापूरचे आहे. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रजांनी तोफ व दारूगोळा नेऊन, आपले निशाण लावून गडावर मारा केला. 1661 साली शिवाजी महाराजांनी राजापुरावर चालून जाऊन वखार लुटली व हेन्री रेव्हिंग्टन आदी इंग्रजांना कैद केले. पुढचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. सुरतेच्या वरिष्ठांनी कैदेतील आपल्या माणसांची कानउघाडणी केली, की हे संकट तुम्हीच निशाण लावून गोळे टाकल्यामुळे ओढवले. मात्र वखारीच्या लुटीची भरपाई मागताना ते नुकसान कंपनीचे ठरले आणि ती मागणी पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. कृत्य नोकराचे आणि नुकसान धन्याचे, अशी ही विभागणी होती. व्यापारी संस्थेची जबाबदारी कोठे सुरू होते व कोठे संपते, हा प्रश्न कोकणात इतका जुना आहे.

1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तो तहाची कलमे घेऊन. त्यांतील एक कलम असे होते, की वादळाने किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची जहाजे व माल परत मिळावा. महाराजांकडून आधी आलेले उत्तर असे, की किनाऱ्याला लागलेले जहाज परत करणे कोकणच्या रिवाजाच्या विरुद्ध आहे. इंग्रजांना ते दिले तर इतरही तेच मागतील. येथे दोन कायदे समोरासमोर उभे होते. इंग्रजांच्या दृष्टीने बुडालेल्या जहाजावरही मालकाचा हक्क कायम होता. कोकणच्या दृष्टीने किनाऱ्याला लागलेला माल किनाऱ्याच्या धन्याचा होता. आपण मात्र हा प्रसंग शिकवताना ऑक्झिंडनने पाहिलेल्या समारंभाच्या वर्णनापाशीच थांबतो.

याच सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. त्याच्या दहा वर्गांपैकी शेवटचा ‘पण्यवर्ग’, म्हणजे बाजार व व्यापाराच्या शब्दांचा आहे. राज्याला स्वतःची परिभाषा हवी, ही जाणीव त्यामागे आहे. परंतु परिभाषा घडवणे आणि ती दुसऱ्याकडून मान्य करवून घेणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी बळ लागते.

आता 1715-16 च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्राकडे परत येऊ. अमात्य साहुकारांची थोरवी सांगतात. साहुकारांमुळे राज्य आबाद होते, अडीअडचणीला कर्ज मिळते, म्हणून त्यांना मान द्यावा व परमुलखातील साहुकारही आणून वसवावेत, असा त्यांचा उपदेश आहे. म्हणजे परदेशी व्यापाऱ्याविषयी त्यांच्या मनात आकस नाही. मात्र पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच, डेन हे टोपीकर व्यापार करीत असले तरी इतर साहुकारांसारखे नव्हेत, असे ते बजावतात. कारण या प्रत्येकाचा धनी राज्य करणारा राजा आहे. त्याच्या हुकमाने ते व्यापाराला येतात आणि राज्य करणाऱ्याला भूमीचा लोभ नसतो असे होत नाही. म्हणून त्यांनी यावे-जावे, पण कायम ठाणे देऊ नये. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकिनारी वा खाडीलगत देऊ नये; आत, खोलगट जागी, शहराजवळ द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.

ही शिकवण आहेच, पण ती एक व्याख्याही आहे, याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. अमात्य व्यापाऱ्याची व्याख्या त्याच्या मालावरून करीत नाहीत, जातीवरून वा धर्मावरूनही करीत नाहीत. त्यांच्या कसोट्या दोन आहेत : त्याच्यामागे कोण उभा आहे आणि तो आपल्या मुलखात कशा तऱ्हेने राहणार आहे. ‘टोपीकर’ हा शब्द वरवर पाहता पेहरावावरून पडलेला आहे. अमात्यांनी त्याला कायदेशीर आशय दिला. हा आशय वस्तुस्थितीला धरून होता. 31 डिसेंबर 1600 च्या सनदेने जन्मलेल्या इंग्रज कंपनीला 1661 च्या सनदेने ख्रिस्ती नसलेल्या राजांशी युद्ध व तह करण्याचा अधिकार मिळाला होता. 1668 साली तिने इंग्लंडच्या राजाकडून मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडाने घेतले होते. अशा संस्थेला ‘व्यापारी’ म्हणणे पुरेसे नव्हते.

अमात्यांच्या हयातीतच याचा प्रत्यय समुद्रावर येत होता. कान्होजी आंग्रे आपल्या दर्यावर ये-जा करणाऱ्या जहाजांना दस्तक घ्यायला लावीत. 1713 साली त्यांचा इंग्रजांशी तह झाला आणि लवकरच वाद उभा राहिला तो ‘इंग्रजांचे जहाज’ या शब्दांच्या अर्थावरून. कंपनीच्या मालकीचे तेवढेच इंग्रजांचे, असे आंग्र्यांचे म्हणणे. मुंबईच्या आश्रयाला असलेल्या हिंदी व्यापाऱ्यांची जहाजेही आमचीच, असे इंग्रजांचे म्हणणे. प्रकरण 1718 साली खांदेरीवरील हल्ल्यापर्यंत गेले. इंग्रजी कागदांत कान्होजी ‘पायरेट’ झाले. हा शब्दही कायद्याचा आहे, कारण चाच्याला तहाचा हक्क नसतो. ज्याच्याशी तह केला त्यालाच चाचा म्हणायचे, यातली विसंगती त्या कागदांना जाणवलेली दिसत नाही.

बंगालमध्ये हाच ‘दस्तक’ शब्द उलट दिशेने फिरला. 1717 च्या फर्रुखसियरच्या फर्मानाने कंपनीला वार्षिक तीन हजार रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकातमाफी मिळाली. ती कंपनीच्या मालासाठी होती. नोकरांनी ती आपल्या खाजगी व्यापारासाठीही वापरली. 1763 साली मीर कासिमने वैतागून सर्वांचीच जकात उठवली, तेव्हा कंपनीला तो आपल्या हक्कांवर घाला वाटला. युद्ध झाले, 1764 साली बक्सारची लढाई झाली आणि 1765 साली दिवाणी कंपनीकडे गेली. ‘कंपनीचा माल’ या दोन शब्दांची व्याप्ती कोण ठरवणार, हा या संघर्षाच्या मुळाशी असलेला एक प्रश्न होता.

आणि आपल्याकडे? 1756 साली पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पाडाव केला, आरमार जळाले. आज्ञापत्राला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षे झाली होती. व्याख्या लिहिलेली होती. ती चालवणारे आरमारच उरले नाही.

अमात्यांच्या दोन कसोट्या मात्र कायद्यातून गेलेल्या नाहीत. 1916 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे इंग्लंडमध्येच नोंदलेल्या एका टायर कंपनीचा प्रश्न आला. तिचे जवळजवळ सगळे भाग जर्मनांच्या हाती होते. नोंदणी इंग्लंडची असली तरी सूत्रे शत्रूच्या हाती असतील तर कंपनीला शत्रूचे रूप येऊ शकते, असे तेथे मानले गेले. भारताच्या 1956 च्या कंपनी कायद्याने परकीय कंपनीची ओळख नोंदणीच्या देशावरून आणि येथील व्यवसायाच्या जागेवरून केली. 1973 च्या परकीय चलन कायद्याने दुसरी कसोटी लावली : भारतात नोंदलेली कंपनी असली तरी तिच्यात अनिवासींचा वाटा 40 टक्क्यांहून अधिक असेल, तर तिला येथे व्यवसाय करण्यास रिझर्व्ह बँकेची अनुमती आवश्यक ठरली. कोका-कोला आणि आयबीएम 1977-78 मध्ये भारतातून गेल्या त्या या पार्श्वभूमीवर. तो कायदा जाऊन 1999 चा नवा कायदा आला. 2013 च्या कंपनी कायद्याने व्यवसायाची जागा इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही असू शकते, हे मान्य केले. खाडीपासून दूर जागा द्या, असे सांगण्याची सोय आता राहिलेली नाही. तिला जमीनच लागत नाही.

मराठीत आपण ‘परदेशी’ आणि ‘परकीय’ हे शब्द अदलाबदलीने वापरतो. पण पहिला शब्द स्थळ सांगतो, दुसरा संबंध सांगतो. परमुलखातून येऊन वसलेला साहुकार अमात्यांच्या लेखी परदेशी असून परकीय नव्हता. टोपीकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिला तरी परकीयच, कारण त्याचा धनी दुसरा होता. आज्ञापत्र केवळ शैलीचा नमुना म्हणून वाचले, तर हा भेद हातून निसटतो.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी ‘वखार म्हणजे इंग्रजांचे गोदाम’ एवढेच सांगून पुढे गेलो होतो. आता मी तो तास निराळ्या तऱ्हेने घेतो. अर्थ सांगण्याआधी फळ्यावर तीन प्रश्न लिहितो : जागा कोणी दिली, कोणत्या अटींवर दिली आणि राहणाऱ्याचा धनी कोण?