प्रस्तावना: एकमताचे गणित

वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजात दुकानदाराला मोबाईलवरून पैसे दिले, की ते एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा होणारच, असे आपण धरून चालतो. अशा नोंदी एकाच संगणकाच्या भरवशावर सोडून चालत नाही. त्यांच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवाव्या लागतात. मग एखादा संगणक बंद पडला, एखादा निरोप वाटेत हरवला, तरी बाकीच्यांचे एकमत कसे व्हावे? या पुस्तकाचा विषय तोच.

उत्तर न देणारा संगणक बंद पडला आहे की नुसता संथ आहे, हे दुरून ओळखता येत नाही. सारी अडचण इथे आहे. निरोपाला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल आणि एक जरी संगणक बंद पडू शकत असेल, तर निर्णय दर वेळी होईलच अशी हमी कोणतीही निश्चित कार्यपद्धती देऊ शकत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली हे सिद्ध केले. नवख्या वाचकाने इथे खचू नये. माझ्या मते या शास्त्रातले हे सर्वांत सुंदर प्रमेय आहे, कारण नेमके काय गृहीत धरले म्हणजे वाट मिळते, हा प्रश्न त्याने टोकदार केला. कोणी नाणेफेकीचा आधार घेतला, कोणी निरोपाच्या वेळेला मर्यादा मानली. चंद्रा आणि तुएग यांनी १९९६ मध्ये बिघाड ओळखणाऱ्या, पण चुकूही शकणाऱ्या यंत्रणेचा सिद्धान्त मांडला. लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस आणि २०१४ ची राफ्ट या एकमताच्या कार्यपद्धती बहुमतावर उभ्या आहेत: पाचांतले कोणतेही तीन आणि दुसरे कोणतेही तीन घेतले, तरी एक जण दोन्हींकडे असतोच.

खोटे सांगणारा संगणक याहून अवघड. ‘क’ने ‘ख’ला ‘हो’ सांगितले आणि ‘ग’ म्हणतो, ‘क मला नाही म्हणाला.’ खोटा कोण, ‘क’ की ‘ग’? ‘ख’ला कळायला मार्ग नाही. म्हणून निरोपांवर डिजिटल सही नसेल, तर एका खोट्यासाठी किमान चार संगणक लागतात. पीस, शोस्टाक आणि लॅम्पोर्ट यांचा हा १९८० चा निष्कर्ष.

क्षेमकल्याणी-सिंघल यांचा २००८ चा ग्रंथ आणि पुण्याच्या उन्मेष जोशी यांचे २०२३ चे पुस्तक पुढच्या अभ्यासाला उत्तम. दोन्ही इंग्रजीत आहेत. त्याआधी कागदावर तीन संगणक काढा, निरोपांचे बाण जोडा आणि ‘ख’ची कोंडी स्वतः पडताळून पाहा. मगच पहिल्या प्रकरणाकडे वळा.