वीज आणि बार्शी लाइन

वैरागास रेल्वे नाही. आगगाडीसाठी येथील प्रवाशास बार्शी किंवा सोलापूर गाठावे लागते. अशा गावातून रेल्वेच्या सुधारणेचा इतिहास मुंबईहून दिसतो त्याहून निराळा दिसतो.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदर स्थानकातून कुर्ल्यास हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी निघाली. १९२९ साली वीज बोरघाट चढून पुण्यास पोचली. उपनगरांतील गर्दी वाढत होती, आणि घाटातील ३७ फुटांस १ फुटाचा चढ वाफेच्या इंजिनास जड जाई. तेव्हा खर्चाचे समर्थन सोपे होते. पुण्यापुढील सपाट मुलखात तशी निकड नव्हती. म्हणून वीज तेथेच थांबली, व सोलापूरच्या मार्गावर वाफेमागून डिझेल आले.

परंतु आमच्या तालुक्याने सुधारणेची दुसरी वाटही पाहिली आहे. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने कुर्डुवाडीहून बार्शीस अडीच फुटी रुळांची गाडी आणली. थोड्या खर्चात, हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येतो, हे त्याने दाखविले. १९११ साली ती लातुरास पोचली. पुढे या मार्गाचे रूळ रुंद झाले. आणि २३ फेब्रुवारी २०२३ रोजी औसा रोड ते लातूर रोड हा टप्पा विजेखाली येताच मध्य रेल्वेच्या रुंद मार्गांचे विद्युतीकरण संपले.

म्हणजे आरंभ बोरीबंदरास, शेवट लातुरापाशी. मध्ये ९८ वर्षे! वाहतूक वाढेल तेव्हा सुधारणा देऊ, असे म्हणणाऱ्यांनी कॅल्थ्रॉपची ती छोटी गाडी आठवावी. तिने वाहतुकीची वाट पाहिली नाही. मुलखाची ऐपत पाहून ती आधीच आली.