ऐतिहासिक जहाजावशेषांचे संरक्षण

बुडालेली, खडकावर आपटून फुटलेली किंवा बंदराच्या गाळात रुतलेली जुनी जहाजे, त्यांवरील माल, तोफा, नांगर आणि खलाशांच्या वापरातील वस्तू शक्यतो जागच्या जागी टिकवणे, त्यांची शास्त्रशुद्ध नोंद करणे आणि लूट रोखणे या सर्वांचा समावेश जहाजावशेषांच्या संरक्षणात होतो. गोद्या, धक्के, दीपगृहे, जलदुर्ग आणि जहाजबांधणीची पारंपरिक विद्या हाही सागरी वारसाच आहे. त्यांतील जहाजावशेषांचा भाग सर्वांत असुरक्षित आहे, कारण तो नजरेआड असतो आणि त्याची नासधूस झाली तरी बोभाटा होत नाही. युनेस्कोच्या अंदाजानुसार जगातील पाण्यांखाली तीस लाखांहून अधिक जहाजांचे अवशेष आहेत.

जमिनीवरील गाव शतकानुशतके नांदते. जुनी भांडी उकिरड्यावर जातात, पडक्या वाड्याचे दगड दुसऱ्या घराच्या पायात जातात, आणि उत्खननात या सगळ्याची सरमिसळ हाती लागते. जहाज मात्र काही घटकांत बुडते. एकाच दिवशी वापरात असलेल्या वस्तू एकत्र तळाशी जातात, म्हणून कोणती वस्तू कशाशेजारी आणि कोणत्या थरात सापडली ही माहिती वस्तूइतकीच मोलाची ठरते. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला इ.स.पू. चौदाव्या शतकातील जहाजाचे अवशेष दिसले. १९८४ ते १९९४ या काळात तेथे उत्खनन झाले. जहाजात सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील होते, म्हणजे कासे ओतायला लागते नेमके तेच प्रमाण. या लगडी एकेक करून बाजारात गेल्या असत्या, तर प्रत्येकीची किंमत आली असती, पण हे प्रमाण कायमचे हरवले असते.

पाण्याखालचे लाकूड टिकणे हे मुख्यतः प्राणवायूवर अवलंबून असते. वाळूत किंवा चिखलात गाडला गेलेला भाग शतके टिकतो, उघडा राहिलेला भाग जीवजंतू फस्त करतात. त्यांत टेरेडो हा सर्वांत विध्वंसक असतो. दिसायला अळीसारखा असलेला हा जीव कुळाने शिंपल्यांचा नातेवाईक आहे, आणि तो लाकूड आतून पोखरून त्याची चाळण करतो. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारे असल्यामुळे तो तेथे तग धरत नाही. म्हणूनच १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेली ‘वासा’ ही स्वीडिश युद्धनौका २४ एप्रिल १९६१ रोजी जवळजवळ संपूर्ण अवस्थेत वर काढता आली. उष्ण कटिबंधातील उथळ, प्रवाळयुक्त पाण्यात असे भाग्य क्वचितच लाभते. तेथे लाकूड जाते आणि दगड, धातू, माती, हस्तिदंत एवढेच उरते. लोखंडही सुरक्षित नसते. १९१२ मध्ये बुडालेल्या आणि १९८५ मध्ये शोध लागलेल्या ‘टायटॅनिक’च्या गंजावर वाढणाऱ्या एका नव्या जिवाणूचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

निसर्गापेक्षा माणसाचा हात अधिक झपाट्याने चालतो. समुद्रतळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी, बंदरासाठी होणारे गाळ-उपसणे, भंगारासाठी होणारी तोडफोड आणि हौशी पाणबुड्यांची आठवण म्हणून वस्तू उचलण्याची सवय ही हानीची नेहमीची कारणे आहेत. १९४२ च्या जावा समुद्रातील लढाईत बुडालेल्या डच युद्धनौका २०१६ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतील दोन जागेवरून जवळजवळ पूर्णपणे नाहीशा झाल्याचे आढळले. शेकडो नौसैनिकांची ती जलसमाधी होती.

खजिना शोधणाऱ्या कंपन्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण त्या बऱ्याचदा कायद्याचाच आधार घेतात. संकटात सापडलेले जहाज किंवा माल वाचवणाऱ्याला त्याच्या किमतीतून बक्षीस मिळावे, असा तारणाचा जुना सागरी नियम आहे. जिवंत व्यापारासाठी तो योग्यच होता. तीन शतके तळाशी स्थिरावलेल्या जहाजाला कोणत्याही संकटातून वाचवायचे नसते, तरीही हाच नियम त्याला लावला गेला. डच ईस्ट इंडिया कंपनीचे १७५२ मध्ये बुडालेले ‘गेल्डरमालसेन’ हे जहाज १९८५ मध्ये उपसण्यात आले, आणि त्यातील सुमारे दीड लाख चिनी मातीची भांडी व सोन्याच्या लगडी १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लिलावात गेल्या. जहाजाच्या सांगाड्याची पुरेशी नोंद झाली नाही. स्पेनच्या ‘नुएस्त्रा सेन्योरा दे लास मेर्सेदेस’ या १८०४ मध्ये बुडालेल्या जहाजाची गोष्ट वेगळी ठरली. एका अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये त्यातून सुमारे सहा लाख नाणी काढून अमेरिकेत नेली, पण ते स्पेनच्या आरमाराचे जहाज असल्याने अमेरिकी न्यायालयांनी स्पेनच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१२ मध्ये नाणी परत गेली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात या वारशाला दोनच अनुच्छेद मिळाले. अनुच्छेद १४९ राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील समुद्रतळाविषयी आहे. अनुच्छेद ३०३ ऐतिहासिक वस्तूंचे रक्षण हे राष्ट्रांचे कर्तव्य मानतो आणि किनाऱ्यापासून २४ सागरी मैलांपर्यंत काही अधिकार देतो, मात्र तारणाच्या नियमाला तो धक्का लावत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी जलमग्न सांस्कृतिक वारसा संरक्षण करार स्वीकारला. तो २ जानेवारी २००९ रोजी अंमलात आला. किमान शंभर वर्षे पाण्याखाली असलेले मानवी अस्तित्वाचे सर्व अवशेष त्याच्या कक्षेत येतात. त्याच्या परिशिष्टातील ३६ नियम आज जगभर व्यवहारात प्रमाण मानले जातात. अवशेष जागेवरच राखण्याचा पर्याय सर्वांत आधी विचारात घ्यावा, त्यांचा व्यापार होऊ नये, मानवी अवशेषांचा मान राखावा आणि धक्का न लावता पाहू इच्छिणाऱ्यांना मज्जाव नसावा, हा त्यांचा गाभा आहे. मालकी कोणाची, हा वाद करार सोडवत नाही. काही देशांनी स्वतंत्र कायदे केले आहेत. ब्रिटनचा जहाजावशेष संरक्षण कायदा १९७३ चा आहे, तर ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या कायद्यात ७५ वर्षे पूर्ण झालेल्या जहाजावशेषांना आपोआप संरक्षण मिळते.

जागेवर राखणे म्हणजे नुसते सोडून देणे नव्हे. ध्वनिलहरी सोडून तळाचा आलेख काढला जातो, चुंबकमापकाने लोखंडाचा माग घेतला जातो आणि हजारो छायाचित्रे जुळवून अवशेषांची त्रिमितीय प्रतिमा तयार केली जाते. पुढील वर्षी तीच मोजणी पुन्हा केली की वाळू किती सरकली, काय उघडे पडले, हे कळते. उघड्या लाकडावर वाळूची पोती किंवा विणलेले कृत्रिम कापड अंथरून ते पुन्हा गाडले जाते. लोखंडी भागांना जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे जोडले की गंज आधी त्यांना खातो. क्रोएशियात प्राचीन मद्यकुंभांच्या राशींवर लोखंडी पिंजरे बसवून पाणबुड्यांना बाहेरून दर्शन घेण्याची सोय करण्यात आली आहे.

वर काढण्याचा निर्णय म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची जबाबदारी असते. भिजलेले लाकूड तसेच सुकू दिले तर आक्रसते, तडकते आणि भुसभुशीत होते. म्हणून ‘वासा’वर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचे फवारे १७ वर्षे मारण्यात आले, आणि तिचे संग्रहालय १९९० मध्ये खुले झाले. तरीही २००० च्या सुमारास लाकडावर आम्लयुक्त क्षार उमटू लागले. बंदराच्या घाण पाण्यातील गंधक लाकडात मुरले होते, आणि गंजलेल्या खिळ्यांतील लोहाच्या सान्निध्यात त्याचे गंधकाम्ल बनत होते. इंग्लंडची १५४५ मध्ये बुडालेली ‘मेरी रोझ’ १९८२ मध्ये वर काढण्यात आली. तिच्यावरचे फवारे २०१३ मध्ये थांबले. तोफांचेही तसेच. समुद्रातून काढलेली लोखंडी तोफ हवेत ठेवली तर तिचे पापुद्रे सुटू लागतात. तिच्यातील क्षार विद्युत्-विच्छेदनाने हळूहळू काढावे लागतात, आणि मोठ्या तोफेला त्यासाठी काही वर्षे लागतात. ही सोय हाताशी नसेल, तर वस्तू समुद्रातच अधिक सुरक्षित असते.

भारतात समुद्री पुरातत्त्वाची पायाभरणी लोथलचे उत्खनक शि. रं. राव यांनी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत केली. द्वारकेजवळील शोधकार्याला प्रसिद्धी अधिक मिळाली, परंतु जहाजावशेषांच्या दृष्टीने गोव्याचा समुद्र अधिक बोलका आहे. मुरगाव परिसरातील सुंची रीफ या खडपावर लोखंडी तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, काचेच्या बाटल्या आणि घडीव दगड सापडले. लाकूड जवळजवळ उरलेले नव्हते. हे अवशेष सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे मानले जातात. आफ्रिकेचे हस्तिदंत आणि चीनची भांडी एकाच खडपावर मिळावीत, यात गोव्याच्या तेव्हाच्या व्यापाराचा पसारा दिसतो. जवळच सेंट जॉर्ज रीफवर भाजलेल्या मातीच्या स्तंभांचे भाग, नक्षीदार स्तंभशीर्षे आणि कौले मिळाली. त्यांवर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल ठसठशीत वाचता येते. हे कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, म्हणजे जहाज त्यापूर्वीचे असू शकत नाही. किनारपट्टीवरील घरांवर चढलेल्या मंगलोरी कौलांचा प्रवास गलबतांतूनच होत असे, आणि जहाजाचे नाव कळले नसले तरी त्या प्रवासाचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००१ मध्ये जलपुरातत्त्व शाखा सुरू केली. लक्षद्वीपमधील बंगाराम बेटाजवळच्या ‘प्रिन्सेस रॉयल’ या जहाजाचे तिने केलेले उत्खनन हे या क्षेत्रातील महत्त्वाचे काम आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विजयदुर्गच्या परिसरात दगडी नांगर नोंदले गेले आहेत, आणि किल्ल्याजवळील खाडीत मराठ्यांच्या गोदीचे अवशेष आहेत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेताना तुळाजी आंग्रे यांचे आरमार याच पाण्यात जळाले. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे जलदुर्ग व किनारी किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. यादीतील संरक्षण तटबंदीचे आहे. मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते ज्या समुद्रात लढली, त्याच्या तळाचे सर्वेक्षण हे वेगळे आणि मोठे काम आहे.

जुन्या भारतीय जहाजांचे सांगाडे उपलब्ध नसल्याची किंमत कशी मोजावी लागते, हे ‘कौंडिण्य’ या जहाजाच्या बांधणीत दिसले. काथ्याने फळ्या शिवून गोव्यात बांधलेले हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रावरून कल्पावा लागला. शिवलेल्या जहाजाचा खराखुरा नमुना १९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ सापडला होता. नवव्या शतकातील त्या जहाजातील साठ हजारांवर वस्तू व्यापारी कंपनीने उपसून विकल्या. बहुतेक वस्तू सिंगापूरला एकत्र राहिल्या हे खरे, पण उत्खननाच्या पद्धतीवर अभ्यासकांनी इतके आक्षेप घेतले की वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपले नियोजित प्रदर्शन मागे घेतले.

भारतीय कायद्याची चौकट तुकड्यातुकड्यांची आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक समुद्र आणि अनन्य आर्थिक क्षेत्राच्या तळाशी असलेल्या मौल्यवान वस्तू केंद्राच्या मालकीच्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, स्मारकांना १९५८ चा. व्यापारी जहाजांविषयीचा कायदा मात्र बुडालेल्या जहाजाकडे मालकी, बक्षीस आणि वाहतुकीतील अडथळा या नजरेने पाहतो. युनेस्कोच्या २००१ च्या कराराचा भारत सदस्य झालेला नाही. सात हजारांहून अधिक किलोमीटर किनारा आणि दोन हजार वर्षांहून जुना सागरी व्यापार असलेल्या देशात जहाजावशेषांसाठी स्वतंत्र कायदा नसणे, ही गंभीर उणीव आहे.

या उणिवेचा परिणाम अलीकडच्या काळातील जहाजांना अधिक जाणवतो. ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने ते बुडवले. २८० जणांचा मृत्यू झाला. त्यातील चांदीच्या २,३६४ लगडी एका खासगी कंपनीने २०१७ मध्ये वर काढून इंग्लंडला नेल्या. दक्षिण आफ्रिकेने त्या आपल्या सरकारने विकत घेतलेल्या असल्याचे सांगितले, आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या देशाच्या बाजूने निकाल दिला. शंभर वर्षांची अट ‘तिलावा’ २०४२ मध्ये पुरी करील. मुंबईहून रेवसला जाताना १७ जुलै १९४७ रोजी सहाशेहून अधिक माणसांसह बुडालेली ‘रामदास’ बोट ती अट २०४७ मध्ये पुरी करील. अशा जागांना कायद्याचा कालावधी पुरा होण्याची वाट न पाहता दफनभूमीचा मान द्यायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातील ७५ वर्षांची मर्यादा त्या दृष्टीने अधिक न्याय्य आहे.

समुद्रातील अशा जागा पहिल्यांदा कळतात त्या कोळ्यांना. जाळे वारंवार एकाच ठिकाणी अडकते, सपाट तळावर तेथे मासळी जमते, कधी जाळ्यातून भांड्याचा तुकडा येतो. या खुणा तांडेल आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. वस्तू जप्त होईल किंवा मासेमारीवर बंदी येईल, या भीतीने ती माहिती सरकारदरबारी पोचत नाही. शोध कळवणाऱ्याला श्रेय, योग्य मोबदला आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई, एवढ्याने त्यातील बराचसा अडसर दूर होऊ शकतो. पर्यटनाचा ताण खऱ्या अवशेषांवर येऊ नये म्हणून निवृत्त जहाजे मुद्दाम बुडवण्याचा मार्गही काही देश वापरतात. आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका सिंधुदुर्गातील निवतीजवळ बुडवून तिचे जलमग्न संग्रहालय करण्याचा प्रकल्प महाराष्ट्रात हाती घेण्यात आला आहे.