शाळेला थंडीची सुट्टी

१२. ही सुट्टी बर्फाची नव्हे, निव्वळ थंडीची. ६ जानेवारी २०१४ रोजी मिनेसोटाचे गव्हर्नर मार्क डेटन यांनी राज्यभरातल्या सरकारी शाळा बंद ठेवल्या. एरवी असा निर्णय त्या-त्या भागातले शाळा-अधीक्षकच पहाटे रस्त्यांचा अंदाज घेऊन करतात. (आपल्याकडे अतिवृष्टीत जिल्हाधिकारी करतात तसा.) वर्ग उबदारच असतात, खरी अडचण बसथांब्यावर. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी उणे ४५ अंश सेल्सिअसच्या घरात गेली, की उघडे कान, नाक, बोटे पाच-दहा मिनिटांत गोठू लागतात; त्यात टाकीतले डिझेल घट्ट होऊन बसही अडून बसते. तेव्हा लेखकाने इथे आईला ‘घाबरट’ ठरवले आहे, ते काही पटत नाही. – संपा.