परवडणारा स्कोप आणि काचेचा इतिहास

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी खिशाला परवडेल असा स्कोप कोणता घ्यावा, हा प्रश्न या छंदाकडे वळणारा प्रत्येक परवानाधारक नेमबाज विचारतो. बाजार त्याला वर्धनाचा आकडा दाखवतो: २४ पट, ३२ पट. हा आकडा सर्वांत स्वस्तात वाढवता येतो. महाग काय असते, हे समजण्यासाठी काचेच्या इतिहासात डोकवावे लागते.

रायफलवर दुर्बीण बसवण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. जॉन रॅटक्लिफ चॅपमन यांच्या ग्रंथात न्यूयॉर्क राज्यातील मॉर्गन जेम्स यांनी बनवलेल्या अशा दुर्बिणींचे वर्णन आहे. नळी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतकीच लांब आणि चांगलीच अरुंद असे. १८५५ पासून विल्यम माल्कम यांनी आपल्या स्कोपमध्ये अवर्णक भिंगे बसवली आणि प्रतिमेच्या कडेचे रंगीत पट्टे कमी झाले.

हे अवर्णक भिंग म्हणजे क्राउन आणि फ्लिंट या दोन निराळ्या काचांची जोडी. जॉन डॉलंड यांना तिचे पेटंट १७५८ मध्ये मिळाले. तरीही अडचण उरलीच, कारण निर्दोष फ्लिंट काच मिळत नव्हती. वितळलेल्या काचेत जड घटक खाली बसत, रेषा उमटत, बुडबुडे राहत. स्वित्झर्लंडचे प्येर लुई गिनाँ यांनी भाजलेल्या मातीच्या दांड्याने वितळलेला रस ढवळण्याची युक्ती शोधली. पुढे १८८४ मध्ये येना येथे ओटो शॉट यांनी एर्न्स्ट आबे आणि कार्ल झाइस यांच्या कारखान्याच्या साथीने काचशाळा उभारली, आणि काच ही कारागिरी न राहता रसायनशास्त्र झाली.

याची किंमत जगाला १९१४ मध्ये कळली. ब्रिटन आपली बहुतांश प्रकाशकीय काच जर्मनी आणि फ्रान्सकडून घेत असे. युद्ध सुरू होताच जर्मन पुरवठा तुटला आणि सैन्याच्या दुर्बिणींसाठी काच अपुरी पडू लागली. भिंग घासणारे हात होते. घासायला काच नव्हती.

स्वतंत्र भारतापुढेही हेच कोडे होते. देहरादूनचा शस्त्रसामग्री कारखाना १९४३ पासून होता, पण उपकरणांसाठी लागणारी काच परदेशातून येई. ती बनवणारे देश मोजके होते आणि कृती गुप्त ठेवत. कोलकात्यातील जादवपूरची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था १९५० मध्ये सुरू झाली. १९५२ ते १९६६ या काळात तिचे संचालक असलेले डॉ. आत्माराम आणि त्यांचे सहकारी यांनी परकीय तंत्रसाहाय्याविना प्रकाशकीय काच बनवण्याची पद्धत विकसित केली. हे काम किती चिवट! कच्च्या मालातील लोहाचा अंश काचेला हिरवट करतो. भट्टीतील मातीचे भांडे स्वतःच रसात विरघळू लागते. थंड करण्यात घाई झाली, तर आतला ताण प्रतिमा बिघडवतो. भांडे फोडून त्यातले निर्दोष तुकडेच निवडावे लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. पाच भिंगे म्हणजे दहा पृष्ठभाग. पलीकडे पोहोचतो सुमारे ६६ टक्के प्रकाश. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधी लेपाची पद्धत शोधली, ती यासाठीच. म्हणून ‘लेप आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये; सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप आहे का, ते विचारावे.

दुसरी गोष्ट वर्धनाची. वस्तुभिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या रुंदीची प्रकाशशलाका डोळ्यात शिरते. ४० मिलिमीटरचे भिंग १० पट वर्धनाला ४ मिलिमीटर देते, २४ पटीला जेमतेम १.७. संध्याकाळच्या उजेडात दुसरे चित्र अंधुकच दिसणार.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे फिरकीचा प्रामाणिकपणा. ०.१ मिलिरेडियनची एक टिकटिक १०० मीटरवर १ सेंटिमीटर सरकते, १,००० मीटरवर १०. समजा, दूरच्या लक्ष्यासाठी १० मिलिरेडियन वर जायचे आहे आणि यंत्रणा ५ टक्के चुकते. १,००० मीटरवर हा फरक ५० सेंटिमीटरचा! चित्र कितीही सुंदर असो, नेम चुकलाच. त्यामुळे घेण्यापूर्वी फिरकी मोजपट्टीसमोर वर-खाली फिरवून ती मूळ जागी परतते का, हे पाहावे. पॅरॅलॅक्स दुरुस्तीची सोयही तपासावी, कारण तिच्याविना डोळा किंचित हलला तरी क्रॉस लक्ष्यावरून सरकतो.

तेव्हा बजेट तुटपुंजे असेल, तर वर्धन कमी घ्या. काच, लेप आणि फिरकी यांत काटकसर करू नका. ज्यांच्याकडे स्कोपच नाही, त्यांनीही खचू नये. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले, ते छिद्रातून नेम धरूनच.