'वैकुंठ' या शब्दावरील टीप

१७. वैकुंठ : वालावलला तळ्याकाठच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात हे विष्णूचे घर. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मात्र १६१६ साली राशोलला छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त हाच शब्द ख्रिस्ती स्वर्गासाठी घेतला. ओवी मराठी, देव कॅथलिक. शब्द तोच आणि अर्थ वेगळा, ही अडचण ख्रिस्ती घरातही आहेच. मॉर्मनही पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्याच नावाने पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. पण त्यांच्या मते पित्याला हाडामांसाचा देह आहे, आणि तिघे निरनिराळे. कॅथलिकांचा देव एकच, तीन व्यक्तींत. म्हणून २००१ साली व्हॅटिकनने तो बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला. मला हा निर्णय कठोर नव्हे, प्रामाणिक वाटतो. या पानावरची आजी 'वैकुंठ' म्हणते, ते विष्णूचेच.