गिअरमधलं पितळी कडं

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात. ठोकून ठोकून घागरीला गोलाई देणाऱ्या कारागिरांनी या गावाला नाव मिळवून दिलं. याच भंडाऱ्याहून लाखनीकडे जाताना गडेगाव लागतं. तिथे १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि त्यात मोठ्या गाड्यांचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार होत आले आहेत. पितळेचं या यंत्राशीही जुनं नातं आहे. सिंक्रोमेशच्या पोटात बहुधा पितळेचंच एक कडं असतं. गॅरेजवाले त्याला ‘सिंक्रो रिंग’ म्हणतात.

हे कडं नव्हतं तेव्हा गिअर बदलणं ही कलाच होती. लहानपणी एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा पकडून मी ती तासन्‌तास पाहिली आहे. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला नेमकी एक थाप द्यायची, पुन्हा क्लच, आणि मग खालचा गिअर. याला डबल क्लच म्हणतात. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दात एकमेकांत घालायचे तर आधी त्यांची गती जुळवावी लागते. ती थाप चुकली की कर्रर्र आवाज व्हायचा आणि अख्खी गाडी शहारायची.

अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९१२ च्या मॉडेलला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडल मारायचं कष्टाचं काम संपवलं. आपण आजही ‘सेल्फ मार’ म्हणतो, ते त्याच सेल्फ-स्टार्टरमुळे. पण एवढ्या महागड्या गाडीतही गिअरची कर्रर्र मागच्या गादीपर्यंत ऐकू यायचीच. ऑरेगन राज्यातल्या अर्ल थॉम्प्सन या इंजिनिअरने त्यावर तोड काढली. १९२८ मध्ये बाजारात आलेल्या, १९२९ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक आणि लासाल गाड्यांत ती बसली. तीही तीनपैकी वरच्या दोनच गिअरना. कंपनीने नाव दिलं ‘सिंक्रो-मेश’. त्यातला ‘सिंक्रो’ ग्रीक, अर्थ ‘एकाच वेळी’. ‘मेश’ म्हणजे दातांत दात बसणं.

युक्ती किती साधी आहे पाहा. गिअरच्या पोलादी चाकाला एका बाजूने निमुळता उतार असतो. दांडा सरकवला की आतून तसाच उतार असलेलं कडं त्यावर टोपीसारखं दाबलं जातं. घर्षणाने क्षणभरात दोघांची गती एक होते आणि मगच दात गुंततात. तेलाच्या थरावरून कडं घसरू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला बारीक आटे पाडलेले असतात. पितळ पोलादापेक्षा मऊ. त्यामुळे झीज कड्याची होते, महागडं चाक वाचतं. मला यात थोर वाटते ती ही योजना: झिजायचं कोणी, हे आधीच ठरवून ठेवलेलं.

थॉम्प्सन तिथे थांबला नाही. १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलबरोबर आलेल्या हायड्रामॅटिक या आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्सचा प्रमुख शिल्पकारही तोच. पण जगभर पसरलं ते त्याचं कडं. श्रीमंतांच्या गाडीत आलेली ती सोय पुढे धान वाहणाऱ्या ट्रकमध्येही पोचली आणि दिवसातून शेकडो वेळा गिअर बदलणाऱ्या हातापायांना तिने खरा आराम दिला.

कड्याचे आटे झिजून गुळगुळीत झाले की ती जुनी कर्रर्र परत येते. मग हायवेवरचा अनुभवी ड्रायव्हर डबल क्लच मारत गाडी गॅरेजपर्यंत आणतो.